कबुलीजबाब : कोठडीतला, रंगमंचावरचा आणि वावरातला

मराठी वृत्तपत्रांच्या गुन्हेवार्तेत एक वाक्य वर्षानुवर्षे जवळजवळ न बदलता छापले जाते. पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली, असे ते वाक्य. वाचक ते वाचतो, प्रकरणाचा निकाल लागला असे समजतो आणि पान उलटतो. प्रत्यक्षात भारतीय कायद्याच्या दृष्टीने या कबुलीचे मोल शून्य आहे. पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा नियम दीडशे वर्षांहून जुना आहे. इतकेच नव्हे, तर 'खाक्या' या शब्दात जी सूचना दडलेली आहे, तीच त्या कबुलीला न्यायालयाच्या दाराबाहेर ठेवण्यास पुरेशी आहे.

कबुलीवर समाजाचा एवढा विश्वास आणि कायद्याचा एवढा अविश्वास का, हा प्रश्न जितका न्यायशास्त्राचा आहे तितकाच साहित्याचाही आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत तर तो जमिनीचाही आहे. वावरसारख्या आदिवासी गावांत गुन्हा कबूल करून दंड भरल्याची पावती ही घराच्या आढ्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवण्याची वस्तू होती. त्यामागचे कारण समजण्यासाठी आधी कायद्याकडे आणि मग रंगभूमीकडे वळावे लागते.

अविश्वासाचा जन्म

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कंपनी सरकारच्या पोलिसांविषयी तक्रारींचा पाऊस पडत होता. मद्रास इलाख्यातील छळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १८५५ मध्ये अहवाल दिला आणि महसूल वसूल करण्यासाठी व कबुली मिळवण्यासाठी होणाऱ्या यातनांची लांबलचक जंत्रीच सरकारपुढे ठेवली. मुंबई इलाखाही याला अपवाद नव्हता. त्याच दशकात नाशिक भागात एका संशयिताचा कबुलीसाठी झालेल्या छळात मृत्यू झाला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव 'गुन्नू' असे आढळते. मूळ नाव बहुधा गणू असावे. हे प्रकरण मुंबई सरकारला बरेच दिवस पुरले. मोखाड्याच्या घाटावर चढले की नाशिक जिल्हा लागतो, एवढ्या जवळची ही गोष्ट आहे.

१८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांपुढील कबुलीवर बंदी आली. १८७२ मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी भारतीय पुरावा अधिनियम रचला तेव्हा तीच तरतूद कलम २४ ते ३० मध्ये बसवली. स्टीफन यांनी पुढे आपल्या ग्रंथात एका मुलकी अधिकाऱ्याचे बोलणे नमूद केले आहे. उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणे पोलिसाला सोपे वाटते, असा त्या बोलण्याचा आशय होता. कायद्याच्या इतिहासात पोलिसी आळसाचे इतके थेट वर्णन क्वचितच सापडेल.

कलम २४ म्हणत असे की धमकी, आमिष किंवा वचन देऊन घेतलेली कबुली निरर्थक. कलम २५ पोलिस अधिकाऱ्यापुढील कबुली बाद करीत असे, तर कलम २६ पोलिस कोठडीत असताना इतर कोणापुढेही दिलेली कबुली बाद करीत असे. अपवाद फक्त दंडाधिकाऱ्याच्या समक्ष दिलेल्या जबाबाचा. १ जुलै २०२४ पासून पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ ने घेतली. त्यात हे नियम कलम २२ आणि २३ मध्ये आले आहेत. शब्द हलले, आशय तोच राहिला.

या भिंतीला एक खिडकी मात्र प्रथमपासून आहे. जुन्या कलम २७ नुसार आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर जबाबाचा तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. 'कोयता विहिरीत टाकला आहे' हे चालते. 'त्याच कोयत्याने मी मारले' हे चालत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९४७ च्या पुलुकुरी कोट्टाया खटल्यात ही मर्यादा आखून दिली. तरीही खटल्यांमागून खटल्यांत हत्यार 'आरोपीच्या निवेदनावरून' सापडते, पंच त्याच त्याच चेहऱ्यांचे असतात आणि खिडकीचा दरवाजा होतो.

ग्राह्य कबुलीचा मार्ग दंडाधिकाऱ्याच्या दालनातून जातो. कबुली देण्याचे तुमच्यावर बंधन नाही आणि दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल, हे दंडाधिकाऱ्याने आरोपीला आधी सांगायचे असते. जबाब स्वेच्छेने दिला जात आहे याची खात्री करून तसे प्रमाणपत्र लिहायचे असते. विचार करायला किमान चोवीस तास द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सरवण सिंग खटल्यात सुचवले. आरोपीने नकार दिला, तर त्याला पुन्हा पोलिस कोठडीत धाडता येत नाही. ही शेवटची तरतूद सर्वांत महत्त्वाची. कारण परतीचा रस्ता कोठडीकडे जात असेल, तर दंडाधिकाऱ्यापुढचे स्वातंत्र्य नावापुरतेच उरते.

दिव्यापासून 'घाशीराम'पर्यंत

इंग्रजांपूर्वी आपल्याकडे कबुलीचा हव्यास नव्हता असे मानण्याचे कारण नाही. साक्षीदार आणि कागद दोन्ही अपुरे पडले की धर्मशास्त्र दिव्याकडे वळत असे. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. मराठेशाहीत वतनाच्या तंट्यांत रवादिव्य होत असे. उकळत्या तेलातुपात टाकलेला धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहोर करायची आणि काही दिवसांनी ती सर्वांसमक्ष उघडून हात पाहायचा. हात शाबूत तो खरा. यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी : दिव्य आरोपीला बोलते करीत नाही, त्याच्या कातडीला बोलते करते. कबुली नको, खूण हवी.

विजय तेंडुलकरांनी 'घाशीराम कोतवाल'मध्ये नेमके हेच उचलले. १९७२ मध्ये पुण्यात रंगमंचावर आलेल्या या नाटकात चोरीचा आळ आलेल्या एका ब्राह्मणाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवला जातो. तो आपण निर्दोष असल्याचे ओरडून सांगत राहतो, हात भाजतात आणि भाजलेले हात हाच पुरावा ठरतो. इतिहासातील घाशीरामचा शेवट १७९१ मध्ये झाला. त्याच्या कोठडीत कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मेले आणि खवळलेल्या पुणेकरांनी त्याला दगडांनी ठेचले. कोठडीतील मृत्यूला जबाबदार कोण, हा प्रश्न मराठी सार्वजनिक जीवनात तेव्हापासून मिटलेला नाही.

निर्दोष माणसाची कबुली हा विषय त्याहून कितीतरी जुना आहे. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' गोविंद बल्लाळ देवलांमुळे मराठी प्रेक्षकाच्या परिचयाचे झाले. मूळ संस्कृत नाटकाच्या नवव्या अंकात चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आरोप येतो. ती गेली या कल्पनेनेच तो खचलेला असतो. न्यायासनापुढे तो वाक्य सुरू करतो आणि अर्ध्यावर सोडतो. उरलेले हा सांगेल, असे म्हणून शकाराकडे बोट दाखवतो. खरा अपराधी असलेला शकार तत्परतेने 'मारली' हा शब्द पुरवतो आणि तूही तसेच म्हण, असा आग्रह धरतो. तूच म्हटलेस की, एवढेच चारुदत्त उत्तरतो. शकार लगेच न्यायाधीशांना सांगतो की याने गुन्हा कबूल केला! कबुलीजबाबात आरोपीचे शब्द किती आणि लिहून घेणाऱ्याचे किती, हा आजच्या उलटतपासणीतला प्रश्न त्या दृश्यात जसाच्या तसा आहे. वसंतसेना जिवंत परतते म्हणून चारुदत्त वाचतो. न्यायालयाने त्याला वाचवलेले नाही, हे सहसा विसरले जाते.

दस्तयेव्स्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' (१८६६) या कादंबरीत रस्कोल्निकोव्ह खून पचवू पाहत असताना मिकोल्का नावाचा रंगारी अचानक पुढे येऊन तो खून आपणच केल्याचे सांगतो. तपास अधिकारी पोर्फिरी त्यावर विश्वास ठेवत नाही, हे विशेष. दुःख भोगण्याची ओढ असलेला माणूस न केलेल्या पापाची शिक्षाही मागू शकतो, हे त्याला कळलेले असते. वास्तवात असे पोर्फिरी थोडे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९८९ साली झालेल्या बलात्काराच्या गुन्ह्यात पाच किशोरवयीन मुलांकडून पोलिसांनी कबुल्या मिळवल्या होत्या. २००२ मध्ये दुसऱ्याच कैद्याने गुन्हा मान्य केला, डीएनए त्याच्याशी जुळला आणि पाचही जणांची दोषसिद्धी रद्द झाली. तोवर त्यांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली होती.

तेंडुलकरांच्याच 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये प्रकार वेगळा आहे. नाटक मंडळी वेळ घालवण्यासाठी खोटा खटला उभा करतात, लीला बेणारेला आरोपी करतात आणि भ्रूणहत्येचा तो खोटा आरोप बघता बघता तिच्या खऱ्या आयुष्यावर चालून येतो. तिला बोलायला अवघे दहा सेकंद मिळतात आणि ती गप्प राहते. त्यानंतरचे तिचे दीर्घ स्वगत प्रेक्षक ऐकतात. कोर्ट मात्र ऐकत नाही. इतर पात्रे जागच्या जागी गोठलेली असतात. निकाल त्या स्वगताची दखल न घेताच लागतो.

केले, पण गुन्हा नाही

कृत्य मान्य करणे आणि अपराध मान्य करणे यांत कायदा भेद करतो. प्रिव्ही कौन्सिलने १९३९ मध्ये पाकला नारायण स्वामी खटल्यात सांगितले की, ज्यात गुन्हाच किंवा गुन्हा बनवणाऱ्या जवळजवळ सर्व बाबी मान्य केल्या आहेत, तोच कबुलीजबाब. बाकीची निव्वळ निवेदने. या भेदाचे गाजलेले मराठी मुलखातले उदाहरण म्हणजे नानावटी खटला. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्यानंतर कमांडर नानावटी स्वतःच नौदलाच्या अधिकाऱ्याकडे आणि मग पोलिस उपायुक्तांकडे गेले. खटल्यात मात्र गोळ्या झटापटीत सुटल्याचा बचाव उभा राहिला आणि ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने तो कौल फिरवला आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली.

पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात कबुलीचे आणखी एक रूप दिसले. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जणांचे खून झाले. आरोपी अभिनव कला महाविद्यालयातील विद्यार्थी होते. त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार झाला. म्हणजे त्याने स्वतःच्या सहभागासह सारे सांगायचे आणि त्या बदल्यात शिक्षेतून सुटायचे. साथीदाराची अशी साक्ष ग्राह्य आहे, पण स्वतंत्र दुजोऱ्याशिवाय तिच्यावर विसंबू नये, असा न्यायालयांचा दंडक आहे. सप्टेंबर १९७८ मध्ये चौघांना फाशीची शिक्षा झाली आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात ती अमलात आली. त्यांपैकी मुनव्वर शहा याने तुरुंगात 'येस, आय अ‍ॅम गिल्टी' हे आत्मकथन लिहिले. हा कबुलीजबाब कोणी मागितला नव्हता. खटल्यात त्याचा उपयोग नव्हता आणि फाशीही त्याने टळली नाही. मराठीत गुन्हेगाराने स्वतःच्या नावाने लिहिलेली इतकी सविस्तर कबुली दुर्मीळ आहे. पुढील काळात 'माफीचा साक्षीदार' हा शब्दप्रयोग चित्रपटाचे नाव झाला आणि घरोघरी पोचला.

मोक्काची वाट

दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारीच्या काळात जुनी भिंत पुन्हा पाडली गेली. 'टाडा' कायद्याने वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य ठरवली. १९९४ मध्ये कर्तार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद वैध मानली. 'टाडा' गेला, 'पोटा' आला आणि गेला. महाराष्ट्राचा १९९९ चा मोक्का राहिला. त्याच्या कलम १८ नुसार पोलिस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब त्या आरोपीविरुद्ध आणि त्याच खटल्यातील सहआरोपींविरुद्धही वापरता येतो. हुद्दा वाढला की मिरची चोळण्याचा मोह कमी होतो, असे बहुधा गृहीत धरले असावे.

११ जुलै २००६ रोजी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलगाड्यांत स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी मरण पावले. तपासात मोक्काखाली घेतलेले कबुलीजबाब हा खटल्याचा मुख्य आधार होता; आरोपींनी ते न्यायालयात नाकारले. सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरले, पाच जणांना फाशी सुनावली आणि एकाला निर्दोष सोडले. निर्दोष सुटलेले शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांनी 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिले. तपासात कबुल्या कशा घेतल्या जातात, याचे त्यातील वर्णन उर्दूतून पुढे इतर भाषांत गेले.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या सर्वांची दोषसिद्धी रद्द केली. त्यातला एक आरोपी तोपर्यंत तुरुंगातच मरण पावला होता. वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी वेगवेगळ्या आरोपींचे म्हणून नोंदवलेल्या जबाबांतील मजकूर जागोजागी सारखाच असल्याचे न्यायालयाला आढळले. छळाचा आरोप वैद्यकीय कागदपत्रांच्या आधारे न्यायालयाने गांभीर्याने घेतला आणि ते जबाब विश्वासार्ह नाहीत असे ठरवले. तीनच दिवसांनी, २४ जुलै रोजी, सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल नजीर म्हणून वापरण्यास स्थगिती दिली; सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जाण्यास मात्र सांगितले नाही. या साऱ्यात स्फोटांत माणसे गमावलेल्या कुटुंबांच्या हाती काय राहिले, हेही नोंदवले पाहिजे. खोटी कबुली आरोपीचे आयुष्य खाते आणि खऱ्या गुन्हेगाराचा माग पुसून टाकते. सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांत पहिल्यांदा अटक केलेल्यांच्या नावावरही मोक्काचे कबुलीजबाब होते. २०१३ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने वेगळ्याच चौघांवर आरोपपत्र ठेवले आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने पहिल्या आरोपींना दोषमुक्त केले.

खाकी तीच, कलम वेगळे

भिंतीचा आणखी एक दरवाजा आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. बंदी आहे ती 'पोलिस अधिकाऱ्या'पुढील कबुलीवर. मग कस्टम, अबकारी, वनखाते यांचे अधिकारी पोलिस आहेत का? १९६६ मध्ये बदकू जोती सावंत खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय अबकारी अधिकारी पोलिस नव्हेत असे ठरवले. वनाधिकाऱ्यांच्या बाबतीतही उच्च न्यायालयांनी हीच दिशा धरली. ऑक्टोबर २०२० मध्ये तोफान सिंग खटल्यात अमली पदार्थविरोधी कायद्यातील अधिकाऱ्यांपुरते उत्तर बदलले; त्यांच्यापुढची कबुली बाद झाली. जंगलात मात्र जुना नियमच चालत आला.

जव्हार आणि मोखाड्याच्या डोंगरउतारांवर वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी ही माणसे नागली आणि वरई पिकवत आली आहेत. राबासाठी फांद्या तोडायच्या, त्या जाळून राखेत रोप टाकायचे, ही इथली शेतीची रीत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार राखीव वनात जमीन साफ करणे किंवा नांगरणे हा गुन्हा आहे. कलम ६८ त्यावर तडजोडीचा उपाय देते. ज्याच्याविषयी वाजवी संशय आहे अशा माणसाकडून अधिकाऱ्याने भरपाईची रक्कम घ्यायची आणि प्रकरण मिटवायचे. न्यायालय नाही, वकील नाही, दोषी की निर्दोष हा निर्णय नाही. अधिकार 'संशया'वर उभा आहे, रक्कम भरली की संशयिताची सुटका होते आणि मागे एक पावती उरते.

ही तडजोड आदिवासीने का स्वीकारावी, याचे उत्तर कठीण नाही. दिवाळीनंतर या तालुक्यांतील कुटुंबे वीटभट्टीवर आणि बांधकामांवर मजुरीला वसई-भिवंडीकडे उतरतात. न्यायालयाची एक तारीख म्हणजे मजुरीचा एक दिवस आणि वर एसटीचे भाडे. जामिनाला उभा राहील असा सातबाराधारक शेजारी नाही. अशा स्थितीत दंड भरणे हा अपराधाचा स्वीकार नसतो, तो हिशेब असतो. शहरातील किरकोळ खटल्यांतही कित्येक आरोपी 'गुन्हा कबूल' म्हणतात ते याच हिशेबाने; आत काढलेले दिवस शिक्षेत धरले जातील आणि आज सुटका होईल, एवढेच त्यांना पाहायचे असते.

भाषेचाही यात वाटा आहे. माणूस सांगतो की बापाचे वावर आहे, यंदा वरई टाकली. कागदावर उतरते : वनजमिनीवर अतिक्रमण करून लागवड केल्याचे कबूल केले. पहिले वाक्य वहिवाटीचा दावा आहे आणि दुसरे गुन्ह्याची कबुली. पाकला नारायण स्वामी खटल्यातला भेद या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत पडतो आणि खाली अंगठा उमटतो. कागदावरच्या अंगठ्याने आदिवासीचे काय होते, याची सविस्तर हकीकत गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. तो अनुभव शेजारच्या तलासरी-डहाणू पट्ट्यातील वारल्यांचा, आणि त्यात सावकार व जमीनदार होते. शिक्का आणि अंगठ्याचे नाते तेच.

मग एक चमत्कारिक वळण आले. डिसेंबर १९७८ मध्ये महाराष्ट्र सरकारने ३१ मार्च १९७८ पर्यंतची वनजमिनीवरील शेती नियमित करण्याचा निर्णय घेतला. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने असे निर्णय केंद्राच्या मंजुरीवर नेऊन ठेवले, आणि १९९० मध्ये केंद्राने जुन्या अतिक्रमणांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. ठरलेल्या तारखेपूर्वी जमीन कसत होता, याचा पुरावा काय? सर्वांत वजनदार पुरावा होता वनखात्याने त्या काळी नोंदवलेला गुन्हा. ज्याला पकडले, ज्याने कबूल केले, ज्याने दंड भरला, त्याच्याकडे तारखेचा सरकारी कागद होता. ज्याने गार्डाला कोंबडी किंवा चार पैसे देऊन गुन्हा टाळला, त्याच्याकडे काहीच नव्हते. अपराधाची पावती हक्काचा दाखला बनली आणि 'निर्दोष' माणूस पुराव्याअभावी बाहेर राहिला.

ठाणे जिल्ह्यात कष्टकरी संघटनेने हा प्रश्न लावून धरला. प्रदीप प्रभू यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९१ मध्ये न्यायालयाने दाव्यांच्या चौकशीची पद्धत घालून दिली. तेव्हा जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. पुढची मोठी घटना दिल्लीत घडली. जुलै २००४ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयात शपथपत्र दाखल केले. आदिवासी भागांत हक्कनोंदीच नव्हत्या, त्यामुळे वने राखीव करताना त्यांचे हक्क ठरवले गेले नाहीत आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे लोक कायद्याच्या नजरेत अतिक्रमणदार झाले, असे त्यात मान्य करण्यात आले. 'ऐतिहासिक अन्याय' हे शब्द तिथे आले आणि २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेतही आले. कबुलीच्या साऱ्या कसोट्या लावल्या तरी ही कबुली टिकते : स्वेच्छेने, शपथेवर, न्यायालयापुढे.

वनहक्क कायद्यासाठी १३ डिसेंबर २००५ ही तारीख धरली आहे. त्या दिवशी वनजमीन प्रत्यक्ष कसत असलेल्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंतचा हक्क मागता येतो. २००८ च्या नियमांतील नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. वनखात्याच्या नोंदी आणि न्यायालयीन कागद त्यात आहेत, म्हणजे जुन्या गुन्ह्यांचे कागदही चालतात. परंतु त्यांची मक्तेदारी राहिलेली नाही. बांध, सपाट केलेली जमीन, घर, विहीर, दफनभूमी, देवाची ठिकाणे हेही पुरावे आहेत. शिवेवरचा वाघदेवही त्यात बसतो. दावेदार सोडून गावातील अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा आहे. ग्रामसभेने आणि वरच्या समित्यांनी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यायचे आहेत.

नियम चांगले असले तरी कार्यालयीन सवय सहज सुटत नाही. दंडाची पावती नाही, उपग्रह नकाशात शेत दिसत नाही, अशा कारणांनी दावे नामंजूर होण्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकरी मोर्चाच्या मुख्य मागण्यांत वनहक्क दाव्यांचा निपटारा ही एक होती. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना बाहेर काढण्याबाबत आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला तो स्थगित केला. दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही कसत असलेल्या वनजमिनीवरून हटवू नये, असे कायद्याचे कलम ४(५) सांगते.

ग्रामसभेच्या ठरावाने ज्याचे समाधान झाले नाही, त्याला साठ दिवसांच्या आत उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयावर पुढच्या साठ दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. दावेदाराला बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निर्णय देता येत नाही आणि नामंजुरीचे कारण लेखी कळवावे लागते. अशा दाव्याला जोडायच्या कागदांत १९७० च्या दशकातली दंडाची पावती असेल, तर तिची मूळ प्रत स्वतःकडे ठेवावी आणि साक्षांकित प्रत द्यावी, असा सल्ला वनहक्क कामातले कार्यकर्ते देतात. शाई फिकी झाली असली तरी तारीख, क्षेत्र आणि गावाचे नाव वाचता आले की तो कागद चालतो.